घटी, घंटी आणि माझा बायबलचा तास

"मैम, नूह के जहाज में गीला कचरा कौन से डिब्बे में डालते थे?"

मागच्या मंगळवारी तिसऱ्या पीरियडला एका सहा वर्षांच्या मुलाने मला हे विचारलं आणि मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. इंदूरचं पोर आहे ते, २०१७ पासून आपलं शहर स्वच्छतेत पहिलं येतंय म्हणजे याच्या जन्माच्या आधीपासूनच की, सकाळी गाणं वाजवत कचरागाडी येते आणि आई दोन डबे घेऊन जिन्यावरून पळत खाली जाते हे त्याने रांगायच्या वयापासून बघितलंय, आता जलप्रलयात एका बंद जहाजात हत्ती घोडे माकडं डुकरं सगळी महिनोन्‌महिने कोंडलेली म्हटल्यावर त्याच्या डोक्यात पहिलं तेच येणार ना. आणि खरं सांगू का, ही गोष्ट मी आजवर चाळीसदा तरी सांगितली असेल, मला हे कधी सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "बेटा, लिखा नहीं है." तर शेजारची चष्मेवाली म्हणते, "एक खिड़की थी ना, वहीं से फेंकते होंगे." झालं. पुढचा सगळा वेळ खिडकीतून कचरा फेकणं चालतं का यावर गेला, नूहचं चालान कापलं जाईल इथपर्यंत मंडळी पोचली, आणि गोष्टीच्या शेवटी येणारं इंद्रधनुष्य राहिलंच. माझा चार्ट पेपर, सात रंगांचा क्रेप, फेव्हिकॉल, सगळं तसंच पिशवीत घालून घरी आणलं.

त्याच संध्याकाळी पुण्याहून मैत्रिणीचा फोन. हल्ली काय करतेस? म्हटलं तेच गं, छोट्यांना बायबल शिकवते. "किती छान, सोप्पं असेल ना, गोष्टीच तर सांगायच्या." मी हो म्हटलं, आणि मग भांडी घासताना एकटीच हसत बसले. म्हणून आज लिहायला घेतलंय.

तर मी मूळची नगरची (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं), लग्न होऊन इंदूरला आले त्याला आता एकोणीस वर्षं झाली. माहेरी सगळं मराठीत, उपासना मराठीत, भजनं मराठीत, उत्तम शुक्रवारचे (गुड फ्रायडेचे) तीन तास मराठीत, आणि आज्जीचं पवित्रशास्त्र, काळ्या कातडी पुठ्ठ्याचं, त्याच्यात दुधाच्या पावत्या आणि वाळलेलं पिंपळाचं पान. इथं आले तर चर्च हिंदीत. लोक भेटले की "जय मसीह की" म्हणायचे आणि मी सवयीने "सलाम" म्हणायचे, सासूबाई हसायच्या. इंदूरला मराठी माणसांची कमी नाही, रामबाग म्हणा नारायण बाग म्हणा, होळकरांचं गाव आहे शेवटी, पण मराठी ख्रिस्ती म्हणजे हाताच्या बोटांवर. इथलं मिशनचं काम कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन लोकांनी १८७७ मध्ये सुरू केलं, क्रिश्चियन कॉलेज १८८७ चं, आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशन होतं, त्यामुळे माझं सगळं ख्रिस्तीपण मराठी आणि यांचं सगळं हिंदी. नवरा म्हणतो तू प्रार्थना मराठीत करतेस आणि भांडतेस हिंदीत. खरंय.

शाळेचं नाव लिहीत नाही. ख्रिश्चन शाळा आहे, जुनी, मोठं ग्राउंड, आणि मुलं बहुतेक सगळी हिंदू, जैन, थोडी मुसलमान. ख्रिश्चन मुलं एका सेक्शनमध्ये जेमतेम सात-आठ. बाहेरच्या लोकांना वाटतं ख्रिश्चन शाळा म्हणजे सगळ्यांना बायबल शिकवत असतील, तसं नसतं हो. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा एक पीरियड असतो, ख्रिश्चन मुलं "स्क्रिप्चर"ला माझ्याकडे येतात आणि बाकीची मॉरल सायन्सला बसतात. हे काही शाळेचं मोठं मन वगैरे नाही, राज्यघटनेतच आहे, कलम २८, सरकारची मान्यता असलेल्या शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला जबरदस्तीने बसवता येत नाही, मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते. त्यात मध्य प्रदेशात १९६८ पासून धर्म स्वातंत्र्याचा कायदा आहे, २०२१ मध्ये तो नव्याने आणि जास्त कडक होऊन आला, त्यामुळे आम्ही सगळे जरा जपूनच असतो. ॲडमिशनच्या फॉर्मवर लिहून घेतलेलं असतं, रजिस्टर वेगळं असतं. तर माझा वर्ग म्हणजे केजी टू आणि पहिलीच्या सगळ्या सेक्शनमधली मिळून बावीस पोरं, पस्तीस मिनिटं, वरच्या मजल्यावरची म्युझिक रूम, जिच्यात एक बिघडलेली पेटी आहे आणि प्रत्येक मूल आत येताना तिची एक पट्टी दाबूनच येतं.

पहिल्या वर्षी मला वाटलं होतं भाषेचा काही प्रश्न येणार नाही. इंग्लिश मीडियम आहे, पुस्तक इंग्लिश, समजावून सांगायचं हिंदीत, चर्चमध्ये हिंदी ऐकतात. मग एकदा उजळणी घेताना मी विचारलं, समुद्र दुभंगला तेव्हा लोकांच्या पुढे कोण होतं? अर्धी पोरं ओरडली "मोझेस", अर्धी ओरडली "मूसा", आणि एक मुलगी अगदी काळजीने म्हणाली, "मैम, दोनों थे. मोझेस आगे थे और मूसा पीछे." तिच्या डोक्यात दोन माणसं होती! शाळेतला एक, चर्चमधला एक. आणि माझ्या डोक्यात तिसरा, मोशे, तो मी तोंडातून बाहेर येऊ देत नव्हते इतकंच. मग मी बसून यादी केली, नोहा नूह नोआ, दावीद दाऊद डेव्हिड, योहान यूहन्ना जॉन, पेत्र पतरस पीटर. बिचाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला कसं कळावं की चर्चमध्ये पतरस पाण्यावर चालला आणि शाळेत पीटर बुडाला तो एकच माणूस आहे. मोठ्यांच्या कधी लक्षात येत नाही हे कारण मोठे एकाच भाषेत ऐकतात आणि मान डोलावतात.

पण सगळ्यात भारी झालं ते तेविसाव्या स्तोत्राचं. हे सगळ्या जगात मुलांना पाठ करायला देतात, आम्हालाही आज्जीने दिलं होतं, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." उणे हा शब्द मला गणितातला माहीत होता, मला वाटायचं देव असला की वजाबाकी येत नाही पेपरात. तर इथं हिंदीत आहे "यहोवा मेरा चरवाहा है, मुझे कुछ घटी न होगी." घटी म्हणजे कमतरता, जुनी हिंदी, आता कोण बोलतं. तीन आठवडे पोरं म्हणत होती, सुरात, डोळे मिटून, आणि मी मागे हात बांधून फिरत होते, मग एक दिवस सहज एका मुलाच्या जवळ वाकले तर तो म्हणत होता, "मुझे कुछ घंटी न होगी." मी सगळ्यांना थांबवून एकेकाला म्हणायला लावलं. बावीसपैकी चौदा जणांची घंटी! विचारलं म्हणजे काय रे, तर सांगतो, "मतलब भगवान के घर स्कूल की घंटी नहीं बजेगी." आता काय बोलायचं यावर. इंग्लिशवाली दोघं होती त्यांचं वेगळंच, "आय शॅल नॉट वाँट" म्हणजे त्यांच्या मते "देव माझा मेंढपाळ आहे, पण मला नको." त्यातली एक म्हणाली, "मैम ऐसा गॉड को बोलना तो रूड है ना?"

मी मग मेंढपाळापासूनच सुरुवात केली परत. यांनी मेंढी कुठे बघितलीये, इंदूरच्या पोरांनी? शेवटी मीच मोबाइलवर फोटो दाखवले, आमच्या नगरकडे पावसाळा संपला की धनगर कळप घेऊन खाली उतरतात ते, खांद्यावर काठी, घोडीवर बिऱ्हाड आणि वरती कोंबडी बांधलेली. मुलांना कोंबडीच जास्त आवडली. पण काठीचं विचारलं एकाने, की मारायला का? म्हटलं नाही रे, लांडगा आला तर. मग "तेरे सोंटे और तेरी लाठी से मुझे शांति मिलती है" ही ओळ, जी मला स्वतःला लहानपणी जाम घाबरवायची, ती त्यांना एकदम पटली. लाठी आपल्यासाठी नाहीये, लांडग्यासाठी आहे.

या भाषेच्या भानगडीत मला पंडिता रमाबाई फार आठवतात. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून बाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं घातली त्यात, कशासाठी, तर त्यांच्याकडच्या न शिकलेल्या बायकांना तेव्हाचं पंडिती मराठी समजत नव्हतं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि पुस्तक छापून आलं १९२४ मध्ये, तेही मुक्तीतल्याच छापखान्यात, तिथल्या बायका-मुलींच्या हातचं. मी काही रमाबाई नाही, पण घंटीवाला प्रकार झाला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं त्या कशासाठी एवढं करत होत्या.

बरं, आता मुख्य मुद्द्यावर येते, इतका वेळ नमनालाच घालवला.

सुरुवातीची चार-पाच वर्षं मी एकदम छापील टीचर होते. गोष्ट सांगायची, फ्लॅनेलच्या बोर्डावर चित्रं चिकटवायची (अजून आहे माझ्याकडे तो बोर्ड, निळं कापड उसवलंय एका बाजूने) आणि शेवटी टाळी वाजवून विचारायचं, "तो बच्चो, इस कहानी से हमने क्या सीखा?" आणि पोरंही हुशार, त्यांना माहीत असतं मैमला काय पाहिजे. कुठलीही गोष्ट असो उत्तरं तीनच. झूठ नहीं बोलना, शेअर करना, मम्मी-पापा की बात मानना. एकदा तर मी गोष्ट सांगायच्या आधीच एकाने हात वर करून "शेअर करना" म्हणून टाकलं. त्याचा मला रागच आला खरं तर, पण चूक त्याची नव्हती.

मग पाच भाकरी आणि दोन मासे. ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत (बायबलमधली येशूच्या चरित्राची पुस्तकं) आहे पण त्यातला मुलगा फक्त योहानाच्या पुस्तकात आहे, आणि तिथंच लिहिलंय की भाकरी जवाच्या होत्या, म्हणजे गरिबाघरच्या. मी छान रंगवून सांगितलं, डबा, आईने बांधून दिलेला, पाच हजार पुरुष (बायका-मुलं मोजलीच नाहीत त्यात, हे मी दर वेळी नाक मुरडून सांगते), येशूने त्यातूनच वाटलं, सगळे जेवले आणि बारा टोपल्या उरल्या. आणि विचारलं, क्या सीखा? शेअर करना, शेअर करना, शेअर करना. फक्त एक मुलगी गप्प. बारीकशी, कायम डबा उशिरा संपवणारी. तिला विचारलं तर ती म्हणाली, "मैम, उस लड़के को कितनी रोटी मिली?"

मी म्हटलं, सगळ्यांना पोटभर मिळाली ना. ती म्हणाली, "नहीं, पर उसकी तो पाँच थी."

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. नंतर स्टाफ रूममध्ये कळलं की तिच्या वडिलांचं काम सुटलं होतं चार महिन्यांपूर्वी, आणि आई तिला डबा देताना सांगायची, कुणाला देऊ नकोस, पूर्ण खा. मी तिला दर आठवड्याला शेअर करना शेअर करना शिकवत होते. त्या दिवशी घरी येऊन मी ती गोष्ट पुन्हा वाचली, हळूहळू वाचली, आणि तिथं कुठेही लिहिलेलं नाही की मुलांनो असं वागा. नुसतं लिहिलंय की एक मुलगा होता, त्याच्याकडे एवढं एवढं होतं, ते घेतलं, आभार मानले, वाटलं. बाकी सगळं मी चिकटवलं होतं, फ्लॅनेलसारखं.

तेव्हापासून मी शेवटचा प्रश्न बंद केला. गोष्ट संपली की गप्प बसते. सांगते तुम्हाला, पस्तीस मिनिटांत ते सगळ्यात अवघड काम आहे. पहिले दोन आठवडे पोरंच गोंधळली, "मैम, क्या सीखा नहीं पूछोगे?" म्हटलं नाही. मग हळूहळू काय व्हायला लागलं, त्या गप्प बसलेल्या दोन-तीन मिनिटांत यांचे स्वतःचे प्रश्न बाहेर यायला लागले आणि ते इतके भयंकर असतात की मला घरी जाऊन अभ्यास करावा लागतो. कबुतराच्या आधी कावळा सोडला होता, त्याचं काय झालं? (खरंच सोडला होता, उत्पत्तीच्या आठव्या अध्यायात, तो नुसता इकडेतिकडे उडत राहिला म्हणतात, चित्रांच्या पुस्तकात त्याला कुणी काढत नाही.) जे जहाजात नव्हते त्यांच्यात लहान मुलं पण होती का? याला मी अजूनही फक्त "हाँ" म्हणते आणि थांबते, त्याच्या पुढे मला येत नाही. दावीद भावांना डबा पोचवायला गेला होता ना, भाजलेलं धान्य आणि दहा भाकरी, मग राक्षसाला मारल्यावर डबा दिला की तिथंच राहिला? आणि पाच गोटे घेतले, एकच मारला, तर चार कुठेत?

एका वर्षी तारवाची, म्हणजे नूहच्या त्या जहाजाची, मापं काढायला ग्राउंडवर नेलं सगळ्यांना. तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच असं लिहिलंय, हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटापर्यंत, मोठ्या माणसाचा धरला तर लांबी होते १३५ मीटरच्या आसपास. आम्ही मुलांच्या हातांनी मोजली, बावीस पोरं मातीत पालथी पडून एकापुढे एक कोपर ठेवत निघाली. तरी २१०व्या हाताला भिंत आली. पीटीचे सर लांबून बघत होते, त्यांना वाटलं मी मुलांना शिक्षा दिलीये. "नूह बाउंड्री के बाहर चला गया," एकजण म्हणाला, सिक्सर गेल्यासारखं. युनिफॉर्मच्या धुलाईवरून तीन आयांचे मेसेज आले.

काही गोष्टी मी मात्र छोट्यांना सांगतच नाही, आणि यावर माझं चर्चमधल्या एकदोघांशी वाजलेलंही आहे. त्यांचं म्हणणं देवाचं वचन आहे, निवडायचा अधिकार तुला कुणी दिला. बरोबर आहे त्यांचं, तरी मी निवडते. अब्राहाम आणि इसहाकाची गोष्ट, देव बापाला मुलाचा डोंगरावर नेऊन बळी द्यायला सांगतो ती, पाच वर्षांच्या मुलाला सांगायची नाही. मी एकदा आठवडाभर रजेवर होते तेव्हा माझ्या जागी आलेल्यांनी सांगितली, छान सांगितली असणार, शेवटी मेंढा सापडतो वगैरे, पण मुलाला शेवट लक्षात राहत नाही हो, त्याला सुरी लक्षात राहते. त्यातला एक मुलगा घरी गेला आणि त्या रविवारी पप्पांबरोबर स्कूटरवर बसायलाच तयार होईना. पप्पा नेहमीप्रमाणे पातालपानीला फिरायला नेणार होते. डोंगरावर नेतायत म्हटल्यावर त्याने दाराला मिठी मारली. हे मला त्याच्या आईने सांगितलं, हसत हसत, मला नाही हसू आलं. मी आता त्या पोरांना सांगते ती इसहाकाच्या आईची, सारेची गोष्ट, म्हातारपणी बाळ होणार म्हटल्यावर ती तंबूच्या आड हसली ती, आणि इसहाक या नावाचा अर्थच हसणं. बाकी सहावी-सातवीत बघतील.

उत्तम शुक्रवार टाळता येत नाही. तो मी थोडक्यात सांगते, येशूला लोकांनी मारलं, त्याचे दोस्त पळून गेले, आई तिथंच उभी राहिली. रक्त-खिळे यांचं वर्णन करत नाही. आश्चर्य म्हणजे मुलं मारण्यापेक्षा दोस्त पळाले यावर जास्त चिडतात. पतरस येशूबद्दल तीनदा "मैं नहीं जानता" म्हणतो तिथं एकदम शांतता होते वर्गात, कारण हे प्रत्येकाने केलेलं असतं, रिसेसमध्ये, कुणीतरी मोठ्या वर्गातलं दादागिरी करायला आलं की. आणि मग कोंबडा आरवतो, तो मी आरवून दाखवते, तिथं परत सगळे हसतात. पेटी पण कुणीतरी वाजवतं.

एक किस्सा सांगायचा राहिला. मॉरल सायन्सची टीचर एकदा आली नव्हती आणि तिचे तीस जण माझ्या रूममध्ये पाठवले. मी ताबडतोब माझा धडा बंद केला, म्हटलं सगळे चित्रं काढा, उगाच भानगड नको. पण बोर्डावर जक्कयचं चित्र राहून गेलं होतं, तो ठेंगणा जकातदार, येशूला बघायला झाडावर चढतो तो. आता ते झाड मराठी बायबलमध्ये उंबर आहे, हिंदीत गूलर, म्हणजे तेच. मूळ तिकडचं झाड वेगळं आहे पण उंबराचाच भाऊबंद. नव्या मुलांतला एक, मराठी घरातला, विचारतो "ये अंकल पेड़ पर क्यों चढ़े?" मी तोंड उघडायच्या आत माझ्या बावीस जणांनी त्याला घेरून सगळी गोष्ट सांगून टाकली, लुबाडलेलं चौपट परत देईन सकट. मी मनात म्हटलं झालं, उद्या गेटवर कुणीतरी येणार.

आली. दुसऱ्या दिवशी त्याची आई, मी दुरूनच ओळखलं की मराठी, पोटात गोळा. म्हणाली, "मिस, तुम्ही मराठी आहात ना? अहो हा सांगून राहिला तुमच्याकडे कोणी बुटका माणूस उंबरावर चढतो म्हणून." मी म्हटलं हो, म्हणजे ते असं झालं की टीचर नव्हत्या… तर ती म्हणे, "ते असू द्या हो. आमच्या दारात दत्ताचा उंबर आहे, त्याच्यावर मी याला पाय ठेवू देत नाही, आता हा काल संध्याकाळपासून वर जाऊन बसलाय, म्हणतो कोणी तरी येईल खालून आणि मला हाक मारेल. खाली कसा आणू ते सांगा." मी सांगितलं, तुम्ही खाली उभ्या राहून नावाने हाक मारा आणि म्हणा लवकर उतर, आज मला तुझ्या घरी जेवायचंय. तिने तसंच केलं म्हणे. उतरला. आता दर दिवाळीला तिच्याकडून चकल्या येतात आणि माझ्याकडून नाताळचा केक जातो.

नाताळच्या नाटकाबद्दल वेगळं लिहीन कधीतरी, फक्त एवढंच सांगते की पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक तीन होते असं मत्तयाच्या शुभवर्तमानात कुठेही लिहिलेलं नाही, भेटी तीन होत्या, सोनं, ऊद आणि गंधरस, म्हणून आपण तीन धरतो. हे कळल्यापासून माझ्या नाटकात आठ असतात. आठ आयांना मुलगा राजा झालेला बघायचा असतो, मी कशाला तीनवर अडू.

आणि आता योना, कारण या आठवड्यात तोच चाललाय. योना सगळ्यांना माहितीये माशामुळे. व्हेल म्हणतात पण लिहिलंय नुसतं मोठा मासा. मुलांना वाटतं मासा आला, गिळलं, तीन दिवसांनी बाहेर काढलं, संपली गोष्ट. मीपण आधी तिथंच संपवायचे, चित्रांची पुस्तकंही तिथंच संपतात. पण चार अध्यायांतले अजून दोन बाकी असतात. निनवे शहराला नाशाचा इशारा द्यायला देवाने योनाला पाठवलेलं असतं, तिथले लोक सुधारतात, देव त्यांना सोडून देतो, आणि योना रुसतो. अक्षरशः रुसतो, गावाबाहेर जाऊन बसतो, मला मरायचंय म्हणतो. देव त्याच्यावर सावलीला एक झाड उगवतो (हिंदीत एरंड, जुन्या इंग्लिशमध्ये भोपळ्याचा वेल, भाषांतरवाल्यांचं काही जमत नाही या झाडावर), दुसऱ्या दिवशी किडा ते खातो, ऊन लागतं, योना अजून चिडतो. आणि मग देव म्हणतो, तुला त्या एका झाडाचं एवढं वाईट वाटतं, तर मी निनवेची कीव करू नये का, जिथं एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं अशी आहेत की त्यांना उजवा हात कोणता डावा कोणता कळत नाही, आणि शिवाय पुष्कळ गुरंढोरं. बस. पुस्तक संपलं. प्रश्नावर संपलं आणि पुढे कोरं पान.

काल हे सांगितलं. उजवं-डावं आलं तेव्हा केजीवाल्या चार जणांनी आपापले हात बघितले, एकाचे बूट त्या क्षणीसुद्धा उलटे होते. मी शेवटचं वाक्य वाचलं आणि नेहमीसारखी गप्प बसले.

"फिर योना ने क्या बोला?"

"लिखा नहीं है."

"सॉरी बोला होगा."

"नहीं, वो अभी भी कट्टी है."

"मैम, उसके पास पानी था क्या? धूप में?" ही तीच, रोटीवाली, आता पहिलीत आहे.

नूहच्या कचऱ्याचं विचारणाऱ्या पोराने बराच वेळ हात वर धरला होता. त्याला माणसांचं काही पडलेलं नव्हतं, त्याला गुरांचं विचारायचं होतं, की गाईंना कुणी सांगितलं का नंतर, की आपण वाचलो म्हणून. मी म्हटलं मला नाही माहीत रे. तेवढ्यात घंटी झाली, आणि कुणीच उठेना, पेटीसुद्धा कुणी दाबली नाही, बाहेर मॉरल सायन्सवाली पोरं दारात येऊन उभी, "मैम हमारी क्लास है," आणि आतून ओरडा, "रुको ना यार, गाय का चल रहा है!"